पंधरा वर्षांचे क्रेडिट कार्ड बंद करताना

१८ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ५८९ रुपयांच्या मोबाइल बिलाखाली आणखी दोनच ओळी होत्या: वार्षिक शुल्क १,४९९ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६९ रुपये ८२ पैसे. या दोन ओळी दर जानेवारीत येतात आणि दर जानेवारीत मी ‘यंदा हे कार्ड बंद करायचेच’ असे मनाशी म्हणून बिल भरून मोकळी होते. या वेळी जुनी स्टेटमेंट काढून हिशेब केला, तेव्हा २०२० ते २०२४ या पाच वर्षांत जवळजवळ न वापरलेल्या कार्डासाठी मी ८,८४४ रुपये १० पैसे भरल्याचे दिसले. रक्कम डोळे पांढरे होण्याइतकी मोठी नव्हती. पण ती कशासाठी भरली याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि तेच अधिक खटकले.

हे कार्ड मी जानेवारी २०१० मध्ये, पहिल्या नोकरीत कायम झाल्यावर घेतले होते. वर्षाला दीड लाख रुपये खर्च केल्यास शुल्क माफ, अशी अट होती आणि बरीच वर्षे ती विनासायास पुरी होत असे. २०१९ मध्ये दुसऱ्या बँकेचे लाइफटाइम फ्री कार्ड मिळाले, घरचा सगळा खर्च हळूहळू तिकडे सरकला आणि जुन्या कार्डावर मोबाइलचे बिल, एखाददुसरे ऑटो डेबिट आणि आईच्या नावे घेतलेल्या ॲड-ऑन (म्हणजे माझ्याच खात्याला जोडलेल्या जादा) कार्डावरची तिची औषधे एवढेच उरले. मागच्या बारा महिन्यांत त्यावर जेमतेम ४१ हजार रुपये खर्च झाले होते.

रिवॉर्ड पॉइंटमुळे शुल्क वसूल होते, अशी माझी एक मोघम समजूत होती. ती तपासायला पाच मिनिटेही लागली नाहीत. या कार्डावर दर दीडशे रुपयांना एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. त्या दराने १,७६८ रुपये ८२ पैसे कमवायचे तर वर्षाला १० लाख ६१ हजार रुपयांहून अधिक खर्च करावा लागेल, आणि तेवढा खर्च केला असता तर शुल्क मुळातच माफ झाले असते. म्हणजे पैशांच्या बाजूने निर्णय केव्हाच झालेला होता. मला पाच वर्षे अडवून ठेवले होते ते माझ्या भावाच्या एका वाक्याने: “जुनं कार्ड कधीच बंद करू नये, सिबिल कोसळतो.” (सिबिल म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर.) कोणी सांगितले, का कोसळतो, किती कोसळतो, हे त्याने विचारले नव्हते आणि त्याला मीही विचारले नव्हते.

सोमवारी, २० जानेवारीला, मी कस्टमर केअरला फोन लावला. प्रतिनिधी लागेपर्यंत तेवीस मिनिटे गेली. कार्ड बंद करायचे आहे असे म्हणताच फोन दुसऱ्या विभागाकडे वळवला गेला, आणि तिथल्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे पहिलेच वाक्य टाकले: “मॅडम, एवढं जुनं कार्ड बंद केलंत तर तुमचा सिबिल पडेल.” भावाचे वाक्य बँकेच्या तोंडून ऐकल्यावर मी क्षणभर गडबडले, हे कबूल करते. मग त्यांनी दोन पर्याय दिले. साठ दिवसांत २५ हजार रुपये खर्च केल्यास या वर्षीचे शुल्क परत, किंवा ४९९ रुपये शुल्काच्या खालच्या कार्डावर बदली. हेच कार्ड लाइफटाइम फ्री करून मिळेल का, असे मी विचारले, तर या प्रकारच्या कार्डावर ती सोय नाही, असे उत्तर आले. आजच ठरवावे लागेल, असेही ते म्हणाले. मी दोन दिवस मागितले आणि फोन ठेवला. (‘आजच’ची ती ऑफर पुढे दोन आठवड्यांनी आणखी चांगली होऊन परत आली, त्यामुळे या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही.)

सिबिलची भीती ऐकीव माहितीवर ठेवण्यापेक्षा अहवालच बघावा, म्हणून २२ जानेवारीला मी माझा क्रेडिट अहवाल मागवला. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून या प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. संकेतस्थळावर आधी पैसे भरायच्या योजना समोर येतात. मोफतचा दुवा जरा शोधावा लागतो, पण सापडतो. चारही अहवाल एकाच दिवशी मागवू नयेत, कारण काही महिन्यांनी पुन्हा बघायची वेळ येते, तेव्हा एक तरी शिल्लक असलेला बरा.

अहवालात माझा स्कोअर ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७९१ होता. माझे लक्ष मात्र स्कोअरपेक्षा खात्यांच्या यादीवर खिळले. २०१४ मध्ये घेतलेले आणि २०१८ मध्ये फेडलेले वाहनकर्ज ‘बंद’ या शेऱ्यासह, सुरू झाल्याच्या तारखेसकट तिथे अजून होते. खाते बंद झाले की त्याचा इतिहास त्या दिवशीच पुसला जातो, ही माझी समजूत चुकीची होती. नीट फेडलेले खाते बंद झाल्यावरही कित्येक वर्षे अहवालात राहते. स्कोअरचे नेमके सूत्र या कंपन्या जाहीर करत नाहीत, त्यामुळे कार्डाच्या वयाला किती महत्त्व आहे हे आकड्यात सांगता येणार नाही. परंतु कार्ड बंद केल्याने ताबडतोब बदलते ती दुसरीच गोष्ट, आणि तिचा हिशेब घरबसल्या करता येतो.

ती गोष्ट म्हणजे एकूण मिळालेल्या क्रेडिट लिमिटपैकी आपण किती वापरतो. माझ्या जुन्या कार्डाची मर्यादा १ लाख ८५ हजार आणि नव्याची २ लाख, म्हणजे एकूण ३ लाख ८५ हजार रुपये होती. महिन्याचा सरासरी खर्च ४५ हजार धरला तर वापर पावणेबारा टक्क्यांच्या आत बसत होता. जुने कार्ड गेले की तोच खर्च, दमडीही न वाढता, साडेबावीस टक्के दिसणार होता. हा वापर तीस टक्क्यांच्या आत असावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, म्हणजे माझे काही बिघडत नव्हते. पण ज्याच्या दुसऱ्या कार्डाची मर्यादा पन्नास हजार आहे, त्याने हाच निर्णय घेतला तर चित्र अगदी वेगळे दिसेल.

बँकेत नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीला मी हे आकडे दाखवले. तिने एकच प्रश्न विचारला: “पुढच्या सहा महिन्यांत कर्ज काढणार आहेस का?” नाही, म्हटले. “मग कर बंद. काढणार असतीस तर म्हटलं असतं, कर्ज हातात पडेपर्यंत शुल्क भर आणि गप्प बस. आणि बंद करायच्या आधी दुसऱ्या कार्डाची मर्यादा वाढवून घे, नंतर नको.” हा क्रम मला सुचला नसता. २७ जानेवारीला दुसऱ्या बँकेच्या ॲपमध्ये मर्यादावाढीचा प्रस्ताव दिसत होता, त्याला ओटीपीने संमती दिली आणि मर्यादा २ लाख ८० हजार झाली. आता जुने कार्ड गेल्यावरही वापर सोळा टक्क्यांच्या आसपास राहणार होता.

या सगळ्यात सर्वाधिक वेळ खाल्ला तो कार्डाला चिकटलेल्या गोष्टी सोडवण्याने. शनिवार-रविवार, २५ आणि २६ जानेवारी, मी बारा महिन्यांची स्टेटमेंट समोर घेऊन बसले आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेवर पेन्सिलने खूण करत गेले. मोबाइलचे बिल आणि फोटो साठवण्याच्या सेवेचे वर्गणीशुल्क मला आठवत होते. आठवत नव्हता तो मागच्या मार्चच्या स्टेटमेंटमधला १८,६४० रुपयांचा आरोग्य विम्याचा हप्ता, जो वर्षातून एकदाच, ६ मार्चला, कापला जात होता. शेवटच्या तीनच महिन्यांची स्टेटमेंट बघितली असती तर हा हप्ता सुटला असता, आणि फेब्रुवारीत बंद झालेल्या कार्डावर मार्चमध्ये तो नाकारला गेला असता. म्हणून बारा महिने बघावेत, अकराही नकोत. तिन्ही ठिकाणी नवे कार्ड जोडले, त्यात विमा कंपनीच्या संकेतस्थळावर तीनदा ओटीपी उशिरा येऊन पाऊण तास गेला.

आईला सांगणे राहिले होते. मूळ कार्ड बंद झाले की ॲड-ऑन कार्डही बंद होते. ती म्हणाली, “मग मी औषधं कशावर घेऊ?” दुसऱ्या बँकेकडे तिच्यासाठी ॲड-ऑन कार्डाचा अर्ज केला, ते नऊ दिवसांनी आले, आणि ते तिच्या हातात पडेपर्यंत मी जुने कार्ड बंद करण्याची विनंती टाकली नाही.

२९ जानेवारीला साठलेले ३,८४० पॉइंट स्टेटमेंटमध्ये जमा करून घेतले. कार्ड बंद झाले की उरलेले पॉइंट बुडतात, त्यामुळे हे आधी करायलाच हवे. ९६० रुपये ३१ तारखेला जमा झाले. बिलाची मुदत ७ फेब्रुवारी होती. ३ फेब्रुवारीला उरलेले १,३९७ रुपये ८२ पैसे भरले, ॲपमध्ये थकबाकी शून्य दिसली आणि मी निर्धास्त झाले. ही माझी चूक होती, पण ती कळायला आठवडा लागला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी ४ फेब्रुवारीला, पुन्हा कस्टमर केअरला फोन केला. या वेळच्या प्रतिनिधीने सांगितले की, सही केलेला अर्ज कापलेल्या कार्डासह टपालाने पाठवावा लागेल. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीचे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले, ते मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. कार्ड बंद करण्याची विनंती हेल्पलाइन, ईमेल, संकेतस्थळ, ॲप अशा अनेक मार्गांनी देता आली पाहिजे, टपालाचा आग्रह धरता येत नाही, थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे आणि त्याहून उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दर दिवसामागे ५०० रुपये द्यायचे, असे त्यात स्पष्ट आहे. मी आवाज न चढवता एवढेच म्हटले की, टपालाची सक्ती करता येत नाही असे मी वाचले आहे. पलीकडे काही सेकंद शांतता होती. मग उत्तर आले: “ॲपमध्येही लिंक आहे, मॅडम.”

लिंक होती खरी. सेवा विनंती, त्यात ‘इतर’, आणि तिथे पिन बदलणे, पत्ता बदलणे, हरवलेल्या कार्डाची तक्रार या सगळ्यांच्या खाली, पडदा दोनदा वर सरकवल्यावर. कारण म्हणून ‘वार्षिक शुल्क’ निवडले, ओटीपी दिला, विनंती क्रमांक आला. त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि त्याच मजकुराचा ईमेलही पाठवला, ज्यात मी विनंतीची तारीख, थकबाकी शून्य असल्याचा उल्लेख आणि ‘पुढच्या वर्षासाठी आकारलेले शुल्क जीएसटीसह परत करावे’ ही मागणी लिहिली.

५ तारखेला बँकेकडूनच फोन आला. आता कोणत्याही अटीविना या वर्षीचे संपूर्ण शुल्क परत मिळत होते, फक्त कार्ड सुरू ठेवायचे होते. खरे सांगायचे तर या फोनवर मी डगमगले. कार्ड फुकट मिळत असेल तर असू दे की, असा विचार मनात आलाच. पण पुढच्या जानेवारीत हीच घासाघीस पुन्हा करावी लागणार, आणि एखाद्या वर्षी मी विसरणार, हे मागच्या पाच वर्षांच्या अनुभवावरून मला पक्के ठाऊक होते. ज्यांना दरवर्षी आठवणीने असा फोन करणे जमते, त्यांच्यासाठी कार्ड ठेवणे हाच कदाचित बरा पर्याय असेल. मी त्यांतली नाही. मी नकार दिला आणि शुल्क परतीची मागणी नोंदवून घ्यायला सांगितले. “बघतो,” असे उत्तर मिळाले.

१० फेब्रुवारीला एसएमएस आला की, ११६ रुपये ८२ पैसे थकबाकी असल्याने विनंती पूर्ण करता येत नाही. मी चक्रावले. पंधरा मिनिटांच्या शोधानंतर कळले की, पॉइंट जमा करून घेण्याचे ९९ रुपये शुल्क आणि त्यावरचा जीएसटी स्टेटमेंटमध्ये अजून आलेला नव्हता, आणि ॲपच्या पहिल्या पानावरची शून्य थकबाकी फक्त बिलात आलेल्या रकमेची होती. बिलात न आलेले व्यवहार दुसऱ्या टॅबवर दिसतात. विनंती टाकण्याआधी तो टॅब उघडला असता तर सहा दिवस वाचले असते. उशीर माझ्या थकबाकीमुळे झालेला असल्याने ५०० रुपयांच्या नियमाचा प्रश्नच नव्हता. रक्कम लगेच भरली, नवी विनंती टाकली आणि जुन्या ईमेललाच उत्तर म्हणून पावती जोडली.

१४ फेब्रुवारीला शुल्क आणि जीएसटी दोन्ही खात्यात परत जमा झाले, आणि सोमवारी, १७ फेब्रुवारीला, कार्ड बंद झाल्याचा एसएमएस आणि ईमेल आला. मी ईमेलने नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचे पत्र, मागितले. ते २० तारखेला आले. हे पत्र मागून घ्यावेच, कारण पुढे अहवालात काही गोंधळ दिसला तर दाखवायला तेच उपयोगी पडते.

प्रकरण इथे संपायला हवे होते. पण बिल आधी भरलेले आणि शुल्क नंतर परत आलेले, त्यामुळे बंद कार्डाच्या खात्यात माझे १,७६८ रुपये ८२ पैसे जमा राहिले होते. अशी शिल्लक ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करावी लागते. बँकेने २१ तारखेला ती पाठवली आणि ती परत गेली. कारण कार्डावर माझे माहेरचे नाव होते आणि माझे बचत खाते, जे दुसऱ्या बँकेत आहे, लग्नानंतरच्या नावाने आहे. पंधरा वर्षांत कार्डाचे तीनदा नूतनीकरण झाले, पत्ता दोनदा बदलला, पण नाव बदलायला मी कधी अर्जच केला नव्हता, आणि बिल भरणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. २४ फेब्रुवारीला बँकेने कॅन्सल्ड चेक आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला, मी २५ ला पाठवला आणि पैसे ११ मार्चला आले. ज्यांची नावे अशी दोन ठिकाणी दोन आहेत, त्यांनी कार्ड चालू असतानाच नाव बदलून घ्यावे. बंद झालेल्या कार्डाचा नामबदल कोणत्या विभागाने करायचा, यावर मला दोन फोनांत दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. मधल्या काळात ६ मार्चचा विम्याचा हप्ता नव्या कार्डावरून गेला. त्याची पूर्वसूचना देणारा एसएमएस आदल्या दिवशी आला, तेव्हा हायसे वाटले.

पैसे येईपर्यंत मी कार्ड कापले नव्हते. ११ मार्चच्या संध्याकाळी कात्री घेतली. प्लास्टिक सहज कापले जाते, पण चिपवर कात्री अडते. मागची चुंबकीय पट्टी आणि चिप दोन्हींचे तुकडे होतील असे तिरके कापावे लागते. उठावदार अक्षरांतले माझे जुने आडनाव दोन अक्षरे आणि तीन अक्षरे असे विभागले गेले. आईचे कार्ड तिने स्वतः कापले, बरेच अधिक बारीक.

कार्ड बंद झाल्याची नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांकडे तीस दिवसांत गेली पाहिजे, असा नियम आहे. दुसऱ्या बँकेच्या ॲपमध्ये माझा सिबिल स्कोअर दिसतो. मार्चमध्ये तो ७८३ आणि मेमध्ये ७८९ होता. ही एकटीची गोष्ट आहे आणि तिच्यावरून नियम काढता येणार नाही, पण कोसळणे म्हणावे असे त्यात काही नाही. ५ एप्रिलला मी शिल्लक ठेवलेल्या तीन मोफत अहवालांपैकी एक मागवला. मला बघायचा होता तो शेरा. ‘सेटल्ड’ असा शेरा आला असता तर आपण पूर्ण रक्कम न भरता तडजोड केली असा त्याचा अर्थ निघाला असता आणि लगेच तक्रार करावी लागली असती. तसे झाले नव्हते. बंद खात्यांच्या यादीत वाहनकर्जाच्या शेजारी ते कार्ड होते: शिल्लक शून्य, बंद केल्याची तारीख १७ फेब्रुवारी २०२५, आणि उघडल्याची तारीख, जानेवारी २०१०, जशीच्या तशी.